मेलेल्या पाण्याचे दिवस

शेहाच्या मुलीचं लग्न ऐन पौर्णिमेला लागलं, ही गोष्ट आफ्रिकेजवळच्या आमच्या बेटावर, मिकोकोनी गावात, अजून निघते. बाहेरच्याला त्यात काय विशेष ते कळत नाही. आमच्याकडे पौर्णिमेला आणि अमावास्येला लग्न धरतच नाहीत, कारण ते उधाणाचे दिवस, आणि उधाण म्हटलं की गावातल्या साऱ्या बायका समुद्रात. त्या तारखेचं खापर माझ्यावर फोडतात, कुणी कौतुकानं, कुणी नाक मुरडून. मला दोन्ही चालतं.

मी मिझे. माझं वय माझ्या गुडघ्यांना विचारा. नवरा जाऊन सात वर्षं झाली. अठ्ठावीस वर्षं मी शेवाळाची शेती करते आहे. उधाणाच्या ओहोटीला पाणी मैलभर मागं हटतं. उघड्या पडलेल्या वाळूत खुंट्या ठोकायच्या, दोऱ्या ताणायच्या, दोऱ्यांना शेवाळाचे तुरे बांधायचे आणि दीड महिन्यानं कापून वाळवायचे. वाळलेलं शेवाळ ट्रक घेऊन जातो. त्याचा कुणी साबण करतं, कुणी दात घासायची पेस्ट करतं. आमच्या घरांवरचे पत्रे, पोरींची शाळा, माझ्या नवऱ्याचं शेवटचं औषधपाणी, सगळं त्या दोऱ्यांवर झालं. पुरुष मासे मारतात आणि गप्पा मारतात, आणि दुसऱ्या कामात ते जास्त तरबेज आहेत.

मग पाणी तापायला लागलं. आधी आमच्या पायांना कळलं. उन्हाळ्यात दुपारच्या ओहोटीला पाण्यात पाय ठेववेना. शेवाळाची टोकं पांढरी पडायची आणि हात लावला की मोडून हातात यायची. जाड जातीचं, ज्याला खरी मागणी, ते आधी गेलं. बारीक जातीचं उरलं, पण ते महिनाभर वाळवून विकलं तरी पोरीच्या वह्यासुद्धा येईनात. चाळीस जणींपैकी सव्वीस जणी उत्तरेकडच्या हॉटेलांत पाहुण्यांच्या चादरी बदलायला गेल्या. आम्ही चौदा जणी राहिलो. मला दुसऱ्याच्या चादरी बदलायच्या नव्हत्या. मला समुद्रातच मरायचं होतं, पण म्हातारी होऊन.

अशात शहरातल्या सागरकेंद्रातून शेमसाबाई आल्या. वय तिशीचं, पायांत बंद बूट, हातात तापमान मोजायची नळी. त्यांनी आमच्या वाफ्यांत नळी बुडवली, मग होडीनं खडकापलीकडे, दोन खडकांमधल्या खोल वाटेत जाऊन बुडवली, आणि परत येऊन वाळूत बसल्या.

"जाड शेवाळ जगेल. त्याला फक्त गार पाणी हवंय, आणि गार पाणी तिथं आहे," त्या म्हणाल्या. "लांबच लांब पायमोज्यासारख्या जाळ्या असतात. त्यांत रोप भरायचं आणि नांगर टाकून खोल पाण्यात टांगायचं."

"खोल म्हणजे किती खोल?" मी विचारलं.

"तीन माणसं एकावर एक उभी राहतील एवढं."

आम्ही चौदा जणी इतक्या हसलो की शेमसाबाईंना वाटलं त्यांचं काही चुकलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. गंमत अशी की आमच्या गावातल्या बायकांचा जन्म समुद्रात जातो, पण कमरेच्या वर पाणी गेलेली बाई कुणी पाहिली नव्हती. पाणी गेल्यावर आम्ही जायचो आणि पाणी यायच्या आत परतायचो. पोहणं कुणाच्या आईला येत नव्हतं, कुणाच्या आजीलाही नव्हतं.

एक नस्रा सोडून. नस्रा शेहाची मुलगी. शेहा म्हणजे आमच्या गावचा प्रमुख. तिला तीन थोरले भाऊ, आणि त्यांच्या मागं मागं जाऊन ती लहानपणी चोरून पोहायला शिकली होती. हे तिनं त्या दिवशी मान खाली घालून कबूल केलं.

"तुझ्या बापाला माहीत आहे?" मी विचारलं.

"आता होईल," ती म्हणाली.

शेहाला खोल वाट मागायला मी गेले. तिथं माझा दीर मकामे आधीच बसला होता. त्याला त्याच वाटेत कायमचं जाळं रोवायचं होतं.

"वहिनी, खोल पाण्यात तुम्ही?" तो म्हणाला. "घरातल्या पिंपात पडलात तरी आम्हाला हाक माराल."

"तुला हाक मारण्यापेक्षा पिंपात बसून राहीन," मी म्हणाले.

शेहा सिमाई शांत माणूस. दोन्ही बाजू ऐकून घेतात आणि मग कुणालाच आवडणार नाही असं काहीतरी मधलं सांगतात. ते म्हणाले, "सहा महिने वाट बायकांची. सहा महिन्यांत एक तरी भरलेलं पीक या किनाऱ्यावर आणून दाखवा, तर वाट कायमची तुमची. नाही तर मकामेची." मी होय म्हणून आले. तेरा जणींना विचारलंसुद्धा नाही.

पोहायला शिकण्यात दीड महिना गेला. भरतीच्या वेळी कांदळवनातल्या खाडीत, अंगभर कपड्यांत, प्रत्येकीच्या कमरेला तेलाचा रिकामा पिवळा कॅन बांधून. शेमसाबाई पाण्यातून ओरडायच्या, "पाय हलवा, पाय." नस्रा एकेकीच्या पोटाखाली हात धरायची. माझ्या पोटात त्या दिवसांत इतकं खारं पाणी गेलं की घरी भातात मीठ घालायची गरज पडत नव्हती. सगळ्यांत शेवटी मी शिकले. ज्या दिवशी कॅन सोडून दहा हात गेले, त्या दिवशी काठावर येऊन रडले, आणि कुणी पाहिलं तर पाहू दे म्हटलं.

काठावर बी काझिजा बसलेली असायची, छत्री उघडून. आमच्यातली सर्वांत जुनी. सत्तरीच्या पुढची. आम्ही तिला नुसतं बी, म्हणजे बाई, म्हणतो, तेवढं बास होतं. उधाणाच्या आदल्या संध्याकाळी ती दूध पावडरचा डबा चमच्यानं बडवत गल्लीगल्लीतून फिरायची आणि ओरडायची, "पाणी चाललं, उद्यापासून पाणी चाललं." तिचा डबा वाजला की दुसऱ्या दिवशी बायका समुद्रावर. चाळीस वर्षांत तिचा एक दिवस चुकला नव्हता. आमच्या घरी भिंतीवर कॅलेंडर होतं, पण ते चित्रासाठी.

"समुद्र इतकी वर्षं आपणहून मागं सरकून आपल्याला जागा देत होता," ती छत्रीखालून म्हणायची. "आता तुम्ही पाहुण्याच्या उंबऱ्यावर थांबायचं सोडून थेट त्याच्या स्वयंपाकघरात घुसताय."

"उंबऱ्यावर आता निखारे आहेत, बी," मी म्हणायचे.

त्यावर ती तोंड फिरवायची. पण छत्री घेऊन रोज यायची.

पहिली लावणी आम्ही बीच्या डब्यावर केली. डबा वाजला, उधाण लागलं, आणि दुसऱ्या दिवशी बाजूला तोलाचं लाकूड बांधलेल्या उलांडीच्या होडीत जाळ्या भरून निघालो. बारा जाळ्या. खोल वाटेत पोचलो आणि होडी जागेवर राहीना. नांगर टाकला तर तो वाळूतून फरपटत निघाला. दोन जाळ्या एकमेकींत अशा गुंतल्या की सोडवता सोडवता तिसरी सुटून गेली. कशाबशा टांगून आलो. आठवड्यानं नस्रा बुडी मारून बघून आली. बारातल्या पाच उरल्या होत्या, त्याही अर्ध्या रिकाम्या.

शेमसाबाईंनी हिशोब केला आणि नांगर जड करायला सांगितले. आम्ही पोत्यांत दगड भरले, दोर बोटभर जाड घेतले. दुसरी लावणी, पुन्हा डब्यावर. या वेळी जाळ्या टिकल्या, शेवाळ वाढलंही. शेमसाबाईंनी बुडी मारून पाहिलं आणि पाण्यातून वर येऊन बूट नसलेल्या पायांनी नाचल्या. पण कापणीचा दिवस उजाडला, पुन्हा उधाणाचा, आणि पाणी असं ओढत होतं की नस्रा तळाच्या गाठींपर्यंत पोचेचना. पोचली तर गाठ ताणलेली, सुटेना. ती तिसऱ्यांदा वर आली तेव्हा तिचे ओठ निळे होते. मी म्हटलं, "काप." तिनं दोर कापले. जाळ्या आम्हाला होडीत ओढून घेता आल्या नाहीत. आमच्या डोळ्यांदेखत दीड महिन्याचं पीक खडकापलीकडे वाहत गेलं.

किनाऱ्यावर मकामे उभा होता. "वहिनी, मासे खूश झाले," तो म्हणाला. मी होडी वाळूवर ओढायला लागले. त्यानं दुसरी बाजू धरली, हे मात्र खरं.

शेमसाबाई त्या संध्याकाळी माझ्या पडवीत बसल्या, लवंगेचा चहा तसाच गार झाला. "मी हे दुसऱ्या किनाऱ्यावर शिकवलं, तिथं जमलं," त्या म्हणाल्या. "इथं काय चुकतंय ते मला कळत नाही, मिझेताई." मला त्यांचा राग आला नाही. चुकलं ते मला कळत नाही असं म्हणणारा शहरातला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

मुदत संपायला पन्नासेक दिवस होते. म्हणजे एक पीक, तेही आठ दिवसांच्या आत लावलं तर.

उधाण ओसरलं की आठवड्यानं, चंद्र अर्धा असतो तेव्हा, भांगाचं पाणी येतं. धड भरत नाही, धड ओसरत नाही. आमच्याकडे त्याला मेलेलं पाणी म्हणतात. त्या दिवसांत बाईनं समुद्रावर जायचं कारणच नसतं, वाळू उघडी पडतच नाही. म्हणून बायकांची सगळी कामं त्या दिवसांत: केस विणणं, काथ्याचे दोर वळणं, बाळंतिणीला भेटणं, आणि लग्नं. मेलेल्या पाण्यात गावात चूल आणि तोंड, दोन्ही बंद नसतात.

त्या वेळच्या मेलेल्या पाण्याच्या पहिल्या दिवशी सगळ्या जणी नस्राच्या घरी जमल्या होत्या. तिचं लग्न पक्कं करायचं होतं. बी काझिजाच तिची पाठराखीण, म्हणजे नवरीला न्हाऊमाखू घालून, सगळं शिकवून बोहल्यापर्यंत नेणारी. तारीख ठरली: आजपासून तिसरं मेलेलं पाणी. सगळ्यांनी जिभेनं ललकारी दिली. मीही दिली. पण माझ्या मनात पीकच होतं. तिथं कुणी हॉटेलातल्या नोकरीचं बोलत होतं, कुणाला तिथं पगारासोबत जेवण मिळतं असं कळलं होतं. मला ते ऐकवेना. मी उठले आणि तडक किनाऱ्यावर गेले.

रागात माणूस काय करतो? मी होडी ढकलली आणि निघाले. म्हटलं, नांगराची पोती तरी काढून आणावी, ती माझ्या घरची होती. मेलेल्या पाण्यात एक बाई एकटी होडी घेऊन चाललेली पाहून किनाऱ्यावर जाळी विणणाऱ्या पोरांनी काम थांबवलं.

खोल वाटेत पोचले. वल्हं उचललं. होडी थांबली.

मी वाट पाहिली. होडी थांबलेलीच राहिली. नांगर सोडला तर दोर सरळ खाली गेला, विहिरीत पोहरा सोडावा तसा. मी कॅन लांब दोरीनं कमरेला बांधला आणि पाण्यात उतरले. पाणी ओढत नव्हतं, ढकलत नव्हतं. मी तळाची पोती डोळ्यांनी पाहू शकत होते. एक गाठ सोडली, वर येऊन दम खाल्ला, पुन्हा गेले, दुसरी सोडली. मी, जी सगळ्यांत शेवटी शिकले, तिनं एकटीनं चार पोती सोडवली.

मग होडीत बसून मी मोठ्यानं हसले. आपण किती मूर्ख आहोत ते कळल्याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. नांगर बदलले, दोर बदलले, जाळ्या बदलल्या. दिवस बदलायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण दिवस ही आमच्याकडे ठरवायची गोष्टच नव्हती. पाणी जातं तेव्हा बाई जाते, एवढंच आम्हाला ठाऊक. पण आता आम्हाला पाणी जायला नकोच होतं. आम्हाला ते थांबायला हवं होतं.

परत येताना मकामे भेटला. मी त्याला विचारलं, "तू त्या वाटेत उधाणात जाळं टाकतोस?"

"वेडा आहे का मी? जाळं आफ्रिकेच्या पलीकडे जाईल."

"मग आम्हाला का नाही सांगितलंस?"

तो खरंच गोंधळला. "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. चंद्राचं सगळं आपल्यालाच कळतं म्हणून तुम्ही बायका मिरवता, आणि आम्ही सांगायचं?"

माझ्या हातात वल्हं होतं. ते मी खाली ठेवलं, एवढाच माझा मोठेपणा.

बी काझिजाला पटवणं त्याहून अवघड होतं. ती तिच्या अंगणात खोबरं खवत होती. मी सगळं सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

"म्हणजे चाळीस वर्षं मी चुकीचा डबा वाजवला?" ती म्हणाली.

"नाही, बी. चाळीस वर्षं बरोबर वाजवलास. समुद्र बदलला. आता आम्हाला तो पुन्हा तुझ्याकडूनच शिकायचाय. पाणी किती वेळ थांबतं ते मला कळत नाही. मला आज नशिबानं मिळालं."

"माझ्याकडे येऊन गोड बोलतेस म्हणजे नक्की अडली आहेस."

"अडले आहे," मी म्हणाले. "तू डबा वाजवला नाहीस तर कुणी येणार नाही. मी वाजवला तर दगड मारतील."

तिनं खवणी बाजूला ठेवली. हातावरचा खोबऱ्याचा चुरा झाडला. मग म्हणाली, "मला आधी पाणी दाखव."

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्तरीच्या पुढची बी काझिजा कमरेला पिवळा कॅन बांधून होडीत बसली. पोहता येत नव्हतं. होडीची कड तिनं अशी धरली होती की बोटं पांढरी पडली. जाताना काठावरच्या कांदळाची पानं तोडून तिनं मांडीवर घेतली होती, कशाला ते मला कळेना. खोल वाटेत पोचल्यावर तिनं नांगराच्या दोराकडे पाहिलं. मग एक पान पाण्यावर सोडलं. पान जिथं पडलं तिथं राहिलं. ती त्याच्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला एकदम तिची फार माया आली. आयुष्यभर जो समुद्र तिनं पाठमोरा पाहिला, तो आज तिच्यासमोर गप्प बसला होता.

"पान हलत नाही तोवर खाली काम करायचं," ती शेवटी म्हणाली. "पान खडकाकडे सरकलं की सगळ्यांनी वर यायचं. मग कुणाचं 'एक गाठ, फक्त एक गाठ' काही चालणार नाही. समजलं?"

"समजलं, बी."

त्या दुपारी तिचा डबा वाजला. मेलेल्या पाण्यात. लोक घराबाहेर आले, कुणाला वाटलं म्हातारीला भ्रम झाला. ती ओरडत होती, "पाणी थांबलं, उद्या पाणी थांबलं." कुणीतरी म्हणालं, "बी, दिवस चुकला." ती म्हणाली, "तुझ्या आईच्या बारशाचा दिवस मी सांगितला होता. चालू लाग."

दुसऱ्या दिवशी, मेलेल्या पाण्याच्या तिसऱ्या आणि शेवटच्या दिवशी, चौदा जणी गेलो. बी पुढच्या टोकाला मांडीवर पानं घेऊन बसलेली. शेमसाबाईंनी रोप पुरवलं, रात्र जागून जाळ्या भरल्या होत्या. दोन तासांत तीस जाळ्या लागल्या. एकही गुंतली नाही. शेमसाबाई बीच्या मांडीवरच्या पानांकडे बघून म्हणाल्या, "आमच्याकडे प्रवाह मोजायचं एक यंत्र आहे. पण ते नेहमी बिघडलेलं असतं."

"पानं नेहमी ताजी असतात," बी म्हणाली.

परतताना मी बोटांवर मोजत होते. दीड महिना म्हणजे तीन मेलेली पाणी. आज लावलं, तिसऱ्या मेलेल्या पाण्यात काढायचं. तिसऱ्या मेलेल्या पाण्यात. माझं बोट हवेतच राहिलं. मी नस्राकडे पाहिलं. तिनं माझ्या आधी मोजलं होतं. तिचा चेहरा उतरला होता.

मी मागं चार गाठी सोडवल्या होत्या, पण पान हलायच्या आत तीस जाळ्यांच्या तळाच्या गाठी सोडवणं नस्राशिवाय कुणाला जमणार नव्हतं. एवढा दम कुणाच्यातच नव्हता. आणि नवरी लग्नाआधी आठवडाभर घराबाहेर पडत नाही. त्यातून त्या दिवशी चौदाच्या चौदा जणी लग्नात लागणार. पुढच्या मेलेल्या पाण्यापर्यंत थांबावं तर मुदत संपत होती.

आम्ही तिघी, मी, बी आणि नस्रा, शेहाच्या पडवीत जाऊन उभ्या राहिलो. शेहांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मशिदीत तारीख सांगितली आहे. बोकड ठरलेत. पेम्बा बेटावरून पाहुणे निघतील. आणि ही मुदत मी एकट्यानं घातली नाही, मिझे, तुम्हीही मान्य केलीत. मी बाप म्हणून मुदत हलवली तर मकामे म्हणेल की शेहानं मुलीसाठी नियम वाकवला."

"मुदत हलवू नका," मी म्हणाले. "लग्न हलवा."

"कुठं? पुढच्या मेलेल्या पाण्यात लावलं तर लग्नाचे सात दिवस संपतात न संपतात तोच रमजान लागतो."

हे माझ्या डोक्यात नव्हतं. तेव्हा बी काझिजा पुढं आली आणि शेहासमोरच्या चटईवर न विचारता बसली.

"सिमाई, लग्न पौर्णिमेला लाव."

"उधाणात?" शेहांचा आवाज चढला. त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "उधाणात लग्न या गावात कधी झालंय?"

"उधाणात बायका समुद्रावर असायच्या म्हणून होत नव्हतं. आता आम्ही उधाणात घरी असू. कापणी आटोपते, आठ दिवसांनी पौर्णिमा. पाहुण्यांना आठ दिवस उशिरा निघायला सांग, बोकड तेवढे जाड होतील. लग्नानंतर नवरा-नवरी सात दिवस खोलीत. रीत मोडायची नाही. आणि आठव्या दिवशी काय येतं?"

शेहा बोटांवर मोजायला लागले.

"मेलेलं पाणी," नस्रा दारातून म्हणाली.

"मेलेलं पाणी," बी म्हणाली. "पोरगी सरळ होडीवर. जुन्या तारखेनं लग्न लावलंस तर सात दिवस संपतात तेव्हा उधाण, म्हणजे काम नाही. तू आधी बाप आहेस की शेहा, ते ठरव. नवरी माझ्या ताब्यात आहे. मी तिला मेलेल्या पाण्यात न्हाऊ घालणार नाही."

शेहांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "नवऱ्याकडच्यांना काय सांगू?"

"सांग की आमच्या गावात आता असंच असतं."

त्या दीड महिन्यात मी धड जेवले नाही. दर मेलेल्या पाण्यात आम्ही जाऊन बघत होतो. शेवाळ जाड होत होतं, बोटासारखं, तांबूस, टोकं शाबूत. कुठंही पांढरा डाग नव्हता. तरी माझा विश्वास बसत नव्हता. दोनदा हात पोळलेली बाई तिसऱ्यांदा चुलीला हात लावताना नाचत नाही.

कापणीच्या दिवशी अर्धं गाव किनाऱ्यावर आलं होतं. मकामे त्याची मोठी होडी घेऊन थोड्या अंतरावर उभा होता, गंमत बघायला. बीनं पान सोडलं. पान थांबलं. नस्रा खाली गेली, वर आली, तिच्या मुठीत सुटलेल्या दोराचं टोक होतं. पहिली जाळी आम्ही सहा जणींनी होडीत ओढली. ती इतकी जड होती की एकीचा पाय घसरला आणि ती शेवाळावरच पडली आणि हसत तशीच पडून राहिली. दुसरी, तिसरी, नववी. बाराव्या जाळीला आमची होडी काठापर्यंत बुडाली. अठरा अजून पाण्यात होत्या, आणि पान कधी हलेल सांगता येत नव्हतं.

मकामे वल्हवत जवळ आला. मी त्याला बोलावलं नव्हतं.

"वहिनी," तो म्हणाला, "माझी होडी रिकामी आहे."

"मासे नाहीत वाटतं आज."

"आहेत. पण पान हललं तर तुम्ही मला जन्मभर ऐकवाल. टाका इकडे."

अठरा जाळ्या त्याच्या होडीत गेल्या. शेवटची आत पडली तेव्हा बी म्हणाली, "पान सरकलं. वर या." नस्रा वर आली, कड धरून तिनं दम घेतला आणि विचारलं, "किती राहिल्या?"

"एकही नाही," मी म्हणाले. मला वाटतं मी तीनदा म्हणाले.

शेहा किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात आले होते, चांगले कपडे घालून. दोन्ही होड्यांतलं शेवाळ त्यांनी हातानं चाचपलं. मकामेनंच सांगितलं, "शेहा, वाट त्यांची. मी बघितलं." त्यावर चौदा जणींनी आणि किनाऱ्यावरच्या सगळ्यांनी अशी ललकारी दिली की पोरांनी जाळ्यांची सुतळी खाली टाकली. आमच्या वाळवायच्या मांडवांवर जागा पुरली नाही. शेवाळ शेहाच्या अंगणात, मशिदीच्या भिंतीवर, मकामेच्या छपरावर वाळत पडलं. हॉटेलातून तीन जणी सुट्टी घेऊन बघायला आल्या आणि दोन परत गेल्या नाहीत.

पौर्णिमेला लग्न लागलं. नस्राच्या तळहातांवर दोरांच्या चिरा होत्या. बीनं मेंदी लावली तेव्हा झोंबली, आणि ती हसली. दुपारी समुद्र मैलभर मागं गेला होता, सगळी वाळू उघडी, आणि तिच्यावर एकही बाई नव्हती. मी मांडवातून ती रिकामी वाळू पाहिली. अठ्ठावीस वर्षांत ती अशी मी कधी पाहिली नव्हती. मला जरा वाईट वाटलं, आणि मग कुणीतरी माझ्या हातात भाताचं ताट दिलं.

सात दिवस नवरा-नवरी खोलीत होते. सातव्या संध्याकाळी बीचा डबा वाजला: "पाणी थांबलं, उद्या पाणी थांबलं." मला वाटलं, पोरगी एखादा दिवस उशिरानं येईल, नवी नवरी आहे, कुणी बोलणार नाही.

सकाळी मी किनाऱ्यावर पोचले तेव्हा होडी पाण्यात ढकललेली होती. नस्रा पुढच्या टोकाला बसली होती, मेंदीच्या हातांनी कॅनची दोरी कमरेला आवळत. मांडीवर कांदळाची ताजी पानं. ती जागा बीची होती. मी काही बोलणार इतक्यात बी मागून आली, छत्री मिटलेली, आणि होडीत मधल्या फळीवर जाऊन बसली, आमच्यात.

"आज पान तिनं बघायचं," बी म्हणाली. "मी पाण्यात उतरणार आहे. मिझे, माझ्या पोटाखाली हात धर."

मी धरला.